कानातला फाया

शहागंजातल्या गयासमियाँच्या अत्तराच्या दुकानातून कुणी कोरड्या कानानं परत गेलं नव्हतं. माल घ्या नाहीतर नुसता भाव विचारा, निघताना मियाँ चांदीच्या सळईला कापूस गुंडाळायचे, अत्तरात बुडवायचे आणि तो इवलासा फाया स्वतःच्या हातानं तुमच्या कानाच्या खळग्यात बसवायचे. मोठ्यांच्या हातचा फाया नाकारायचा नसतो, हा तिथला रिवाज. शेजारचे कापडवाले सांडूशेठ तर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी येऊन कान पुढं करायचे.

मियाँचा मुलगा साकिब गल्ल्यामागं बसून मोबाइलवर 'खामोशपूर' बघायचा. रहस्यमालिका होती. त्या गावातली भांडकुदळ माणसं अचानक गोड होतात, घरच्यांना ओळखेनाशी होतात आणि कुणी सांगेल ते हसत हसत करतात. मन फिरवणारं कसलंसं यंत्र आहे एवढंच कळतं, ते दिसत कधीच नाही. झालं, चाहत्यांना मोकळं रान मिळालं. कुणी म्हणे टॉवरमधून लहरी सोडतात, कुणी म्हणे नळाच्या पाण्यात औषध कालवतात. आपल्या गल्लीत आठवड्याला एकदा पाणी येतं त्याबद्दल चकार शब्द न काढणारी माणसं खामोशपूरच्या नळावरून एकमेकांचे गळे धरत होती.

साकिबनं मालिकेतला एका लग्नाचा प्रसंग थांबवून थांबवून पाहिला आणि तो एकदम ताठ झाला. मन फिरलेल्या प्रत्येकाच्या कानात अत्तराच्या फायासारखं काहीतरी पांढरं होतं. यंत्र कापसात आहे, सुगंध नुसता बहाणा, असा सिद्धान्त त्यानं चाहत्यांच्या ग्रुपवर मांडला. सोबत चित्र हवं म्हणून अब्बांच्या हाताचा फोटो टाकला. सळई, कापूस आणि बोटातली फिरोज्याची अंगठी. चेहरा त्यानं हुशारीनं कापला, अंगठी तशीच राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती अंगठी शहागंजात कोण ओळखत नव्हतं?

सिद्धान्त लोकांनी डोक्यावर घेतला आणि साकिबचे पाय जमिनीला लागेनात. मग तो फोटो ग्रुपबाहेर गेला. पुढं पाठवताना कुणीतरी मालिकेचं नाव गाळलं, कुणीतरी वर 'सावधान' जोडलं. खामोशपूर गळून पडलं आणि शहागंज तेवढं उरलं.

सगळ्यात आधी सांडूशेठ म्हणाले, "आज नको मियाँ, सर्दी झालीय." ती सर्दी काही बरी झाली नाही. पुढं मशिदीतून येणारी मोहल्ल्यातली माणसंही 'हातावरच लावा' म्हणू लागली. बिचाऱ्या मियाँना मोबाइलमधलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, कापूसच खराब आला असावा. त्यांनी कापूस बदलला, नवा कापूस बोटांत चोळून पाहिला आणि साकिबला विचारलं, "ये तो नरम है ना रे?"

साकिबनं नुसती मान हलवली आणि मोबाइल उचलला. त्यानं फोटो काढून टाकला, 'ही नुसती मालिका आहे, हात एका साध्या अत्तरवाल्याचा आहे' असं लिहिलं. लगेच उत्तरं आली. 'धमकी आली का भाऊ?' 'काळजी घे.' अब्बांना सांगायला तो रोज तोंड उघडायचा आणि चहा सांगून गप्प बसायचा. त्याहून वाईट गोष्ट त्यानं स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. गेल्या शुक्रवारी अब्बा फाया घेऊन जवळ आले, तेव्हा कान दुखतो म्हणून तो सटकला होता. कान दुखत नव्हता.

या शुक्रवारी दुपारी दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. मागं सात-आठ माणसं, हातात मोबाइल धरलेली. कन्नड गावाहून आलेली आशाबाई. तिचा पोरगा गोकुळ इथं कंपनीत कामाला होता. दोन महिने झाले, जेवत नव्हता, बोलत नव्हता, आईकडं बघतसुद्धा नव्हता.

"त्याच्या शर्टाला ह्योच वास येतोय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "चाचा, माझ्या लेकराला काय केलं तुमी? उतरवा ते. मी पाया पडते."

मियाँना काहीच उमगेना. कुणीतरी त्यांच्यासमोर फोटो धरला. त्यांनी आपलाच हात पाहिला, खालचा मजकूर एकाला वाचायला लावला आणि मोबाइल परत केला.

"ताई, बसा," ते म्हणाले. "हा माझा एकुलता एक पोरगा. दर शुक्रवारी ह्याच्या कानात मीच फाया ठेवतो, लहानपणापासून. ह्यात वाईट काही असतं, तर मी ह्याला लावला असता व्हय? बघा तुमच्याच डोळ्यांनी."

त्यांनी नवा कापूस गुंडाळला, हिन्याच्या अत्तरात बुडवला आणि हात साकिबच्या कानाकडं नेला.

साकिबला ठाऊक होतं, आता हलायचं नाही. अब्बांची अब्रू या एका क्षणावर होती. तरी त्याची मान मागं गेली. नुसती मान नाही, तो अख्खा मागं सरकला आणि पाठीमागची बाटली कलंडली.

 मियाँचा हात हवेत तसाच राहिला.

"मेरे हात से डर रा तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी बनवलंय ते!" साकिब गर्दीकडं बघून ओरडला. "मालिकेतलं आहे सगळं. खोटं आहे. गोकुळला दवाखान्यात न्या, अब्बांनी काही केलं नाही."

माणसं त्याच्याकडं आजाऱ्याकडं बघावं तशी बघत राहिली. एकानं मोबाइल आणखी जवळ आणला. पलीकडं सांडूशेठनं आपलं शटर खाली ओढलं. पुढचा माणूस बुटांसकट गादीवर चढला.

आशाबाईचे डोळे भरून आले होते. "तुला बी केलं व्हय रं बाळा," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट घट्ट धरून तिनं त्याला मोठ्या मायेनं बापाच्या दुकानातून बाहेर ओढलं.