फ्रिजवरचा डबा

रंभाला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते, त्या सकाळी तिच्या नवऱ्याला, देवरामला, कळलं की तिची गाणी घरात कुठेच नाहीत.

विहारातल्या भीमाबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. कार्यक्रमात रंभाच्याच आवाजातली गाणी लावायची, असं बायकांनी ठरवलेलं. रंभा गाणी स्वतः रचायची. कागदावर एक ओळ नाही. भाकऱ्या थापताना सुचलं की पिठाच्या हातानेच फोन दाबायचा आणि म्हणून टाकायचं. अशी एकोणचाळीस गाणी होती. देवरामने लॅपटॉपवर तिचं फोल्डर उघडलं. रिकामं. बंद करून पुन्हा उघडलं. रिकामं.

"भाऊ, मी नंतर येऊ का?" भीमाबाई म्हणाल्या.

"बसा!" देवराम असा ओरडला की त्या बसायच्या त्या उभ्याच राहिल्या.

गाणी फ्रिजवरच्या काळ्या डब्यात असायला हवी होती; लॅपटॉपवर दिसायचं ते त्यातलंच. तो डबा त्याच्या मुलाने, सम्यकने, दोन वर्षांपूर्वी बसवलेला. आत दोन हार्ड डिस्क. घरातल्यांच्या फोनमध्ये जे असेल ते वायफायवरून आपोआप डब्यात यायचं; साठवायला कुठल्या इंटरनेट कंपनीकडे जागा मागायला नको. देवराम एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं फिटर होता. दोन डिस्क म्हणजे एक चालू पंप आणि एक स्टँडबाय, हे त्याला लगेच पटलं. रंभाला पटलं नव्हतं. "दोन आहेत म्हणता, पण बसल्यात एकाच डब्यात ना?" ती म्हणालेली. बापलेक दोघंही तिला हसले होते.

निरोप मिळाल्यावर दुपारी सम्यक कोलशेतच्या त्याच्या घरून आला. तो बूट काढतोय तोच देवराम सुरू झाला.

"ये. बघ तुझी करामत."

"पप्पा, पाणी तरी पिऊ द्या."

"तुझ्या डब्याने आईला गिळलंय आणि तुला पाणी सुचतंय?"

सम्यकने लॅपटॉप पुढ्यात ओढला. कुठल्या फोनवरून कधी काय झालं याची नोंद डबा ठेवतो. ती वाचत तो खाली खाली गेला आणि थांबला.

"बारा तारीख, सकाळी अकरा वीस. सगळं आईच्या फोनवरून पुसलंय. फोन कोणाकडे होता?"

देवरामने कपाटाकडे पाहिलं. रंभा गेल्यावरच्या जलदानविधीला त्याने तिच्या साड्या, चपला, सगळं देऊन टाकलं होतं. फोन तेवढा कपाटात होता, दर आठवड्याला चार्ज करून ठेवलेला. मग पोळीभाजी केंद्रात रंभाबरोबर काम करणारी, दिव्याला राहणारी नंदा म्हणाली, मुलीच्या कॉलेजसाठी फोन लागतोय. रंभाने दिलाच असता. द्यायच्या आदल्या दिवशी देवरामने आधी सगळे फोटो, सगळी गाणी निवडून हाताने पुसली आणि मग फोन कोरा केला. लाइन रिकामी केल्याशिवाय पंप दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा नाही, ही कंपनीतली सवय.

"मीच पुसलं," तो म्हणाला. "डब्यात आहे म्हणून पुसलं."

"अहो, फोनमधून पुसलं की डब्यातूनही जातं! दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच त्याचं काम आहे. नुसता फोन कोरा केला असतात ना, तर त्याचा डब्याशी संबंधच तुटला असता आणि गाणी राहिली असती."

"आणि दुसरी डिस्क?"

"पहिलीवरून गेलं तेव्हाच दुसरीवरूनही गेलं. डिस्क बिघडली तर दुसरी कामाला येते. माणसाने पुसलं तर नाही. मी सांगितलेलं तुम्हाला."

"काय सांगितलेलंस? 'पप्पा, आता निर्धास्त राहा,' एवढंच! तिसरी प्रत वेगळी ठेवायला लागते, हे मला कोण सांगणार होतं? नंदा?"

"एकदा विचारायचं तरी."

"कोणाला? तू फोन उचलतोस? बाप मेला तरी उचलशील का, शंका आहे."

सम्यकचा चेहरा पडला. पुसलेलं तीस दिवस डब्याच्या कचरापेटीत राहतं, तो म्हणाला, पण आज एक्केचाळिसावा दिवस आहे. मग तो म्हणाला, "मला मेल आलेला. आठशे फाइल पुसल्या म्हणून."

"कधी?"

"त्याच दिवशी. मला वाटलं, तुम्ही जागा करताय."

"आईचं नाव होतं त्यात?"

"होतं."

देवराम उठला. फ्रिजवरच्या डब्याची वायर त्याने हिसडून काढली. डब्यावरचे हिरवे दिवे गेले.

"नीघ."

"पप्पा, ऐका. बंद ठेवलात ते बरंच केलंत. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस आहे ठाण्यात. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर थोडंफार निघेलही. मी डिस्क घेऊन जातो."

"हात लावायचा नाही! एकदा लावलास, तेवढं पुरे झालं."

सम्यक पाणी न पिताच गेला.

पुढचे आठ दिवस देवराम वही घेऊन विहारात बसला. भीमाबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रंभाने पाठवलेली सहा गाणी सापडली. बाकीची बायकांनी आठवून म्हणायची आणि त्याने लिहून घ्यायची, असं चाललं होतं. पाच गाण्यांचे शब्द कसेबसे जुळले. प्रत्येक ओळीला भांडण. तिसऱ्या दिवशी देवरामचं डोकं फिरलं.

"बावीस वर्षं तिच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्यात आणि एक कडवं धड येत नाही?"

"तुम्ही तर एका घरात राहत होतात, भाऊ," भीमाबाई म्हणाल्या. "तुम्हाला किती येतात?"

त्याला एकही येत नव्हतं. ती म्हणायची तेव्हा तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. तो वही मिटून घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

पुण्यानुमोदनाला सहा गाणी लागली. चौथ्या गाण्यात मधेच रंभा थांबते आणि "अहो, गॅस बंद करा" म्हणते. लोक हसले. सम्यक मागे उभा होता. नंतर त्याने पंगतीत वाढलं. बापाच्या ताटात भात वाढताना त्याने वर पाहिलं नाही, आणि देवरामनेही "बस" सोडून शब्द काढला नाही.

डबा अजून फ्रिजवरच आहे, वायर काढलेला. तेहतीस गाणी त्यात असतील किंवा नसतील. डिस्क बाहेर कशा काढायच्या ते सम्यकलाच ठाऊक आहे, आणि ठाण्यातल्या त्या माणसाचा नंबरही त्याच्याकडेच आहे. देवरामने त्याला अजून फोन केलेला नाही.