आवाजाचं फोल्डर

“जिसका काम, उसी का काग़ज़।” भालचंद्रांचे पहिले साहेब फायलींच्या कपाटाला कुलूप घालताना म्हणायचे. इतक्या वर्षांनी तो आवाज आज का आठवावा? समोर पडद्यावर पुन्हा तेच उमटलं होतं : परवानगी नाही.

“बोलत नाही हो तुमचा पोपट,” वासंतीबाई म्हणाल्या.

“माझ्या इथं बोलला.”

“तुमच्यापुढं बोलतो, माझ्यापुढं गप्प. अगदी तुमच्यावर गेलाय!”

मराठी मजकूर वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर भालचंद्रांनी मूळ कोड उतरवून, स्वतः जुळवून घातलं होतं. गंमत म्हणून, असं बायकोला सांगून. डॉक्टरांनी त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वासंतीबाईंची नजर आता हळूहळू जाणार, उपाय नाही. घरी येऊन ते बायकोला म्हणाले होते, थंडी सरली की ऑपरेशन.

नोएडाहून आलेल्या मुलीनं, लतिकानं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि कीबोर्ड ओढून घेतला.

“बाबा, तुम्ही चेक कसं केलंत? रूट होऊन, सगळे अधिकार घेऊन?”

“हो.”

“अच्छा! मग चालणारच. कॉम्प्युटरच्या मालकाला कोण अडवतंय? आईच्या अकाउंटमधून बघायचं ना.”

कोणती फाइल कुणाला उघडता येते, याची तिनं यादी काढली. प्रोग्रॅम ठीक होता. ज्या फोल्डरात आवाज होते, ते मात्र मालकाशिवाय सगळ्यांना बंद होतं. मग तिनं वडिलांच्या सेटिंग्ज उघडल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“नवं जे कराल, ते बाकीच्यांना बंद. हा नियम कुणी घातला?”

“मीच. ऑफिसची सवय.”

“तोच लागला इन्स्टॉल करताना. घरात माणसं दोन, आणि तुम्ही लपवताय कुणापासून? आईपासून?”

वासंतीबाई खळखळून हसल्या. भालचंद्र चष्मा पुसत राहिले.

“सगळंच उघडून टाक,” ते म्हणाले.

“बिल्कुल नाही. वाचायला आणि आत यायला मिळालं की पुरे.”

तिनं तेवढीच मुभा दिली. वासंतीबाईंनी आपल्या आईच्या तोंडून ऐकून उतरवलेल्या ओव्या उघडल्या. स्पीकरमधून एक कोरडा आवाज आला :

मावळली चांदणी गं, दिवा विझूनिया गेला
अंधारात दळताना हात खुंट्याला कळला

“अगं बाई! मेट्रोतली बाई ओवी गातेय जणू,” वासंतीबाई म्हणाल्या. पण ऐकताना त्यांचा हात मांडीवर संथ गोल फिरत होता.

लतिका कप घेऊन आत गेली. नळ वाहू लागला.

“बंद करा आता,” वासंतीबाई म्हणाल्या. “हौस झाली. ऑपरेशन झालं की माझं मीच वाचीन.”

भालचंद्रांनी आवाज थांबवला. खुर्ची त्यांच्याकडे वळवली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

“वासंती, ऑपरेशन व्हायचं नाहीये. डॉक्टरांनी तुला तपासलं, त्याच दिवशी मला सांगितलं होतं.”