देवापुढचा स्टेथोस्कोप

आमच्या अप्पांना प्रश्न विचारायची भारी खोड. मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर अंबाजीराव त्याच्या विहिरीचं पाणी, सासूचा स्वभाव आणि रात्री मुद्दे, म्हणजे नाचणीचा उंडा, खाल्ला की भात, सगळं विचारून घेत. बेळगोळच्या कारखान्यातला कुणी खोकत आला तर औषध देऊन त्यांचं समाधान होत नसे. रविवारी सायकल काढून तिथं नेमकं काय जळतं ते बघायला जात. सोसलेच्या मठातला जयतीर्थ गुडघा दाखवायला आला, तर त्याला धरून ताडपत्रावरची जुनी लिपी शिकले. पन्नाशी उलटल्यावर जर्मन शिकायला घेतलं. मैसुरात जर्मन बोलणार कुणाशी? मग आमच्या मांजराशी बोलत.

आई, म्हणजे इंदिराबाई, याला ‘हुच्चु’ म्हणायची. कन्नडमधलं वेड. पण म्हणताना हसायची.

आमचे पूर्वज मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. फौज गेली, घोडे गेले. एक तलवार उरली आणि खंडेनवमीचा कडकपणा उरला. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार देवापुढं जायचं: तलवार, आईची विळी, माझी कात्री आणि अप्पांचा स्टेथोस्कोप. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दवाखाना बंद. कुणी आलंच तर आई त्याला दारातूनच पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे पिटाळायची.

सदुसष्ट सालच्या खंडेनवमीला आई दाराला बांधायचे केळीचे खुंट उचलून आणत होती, ती उंबरठ्यातच मटकन बसली. श्वास पुरेना, ओठ काळेनिळे पडले. मी अप्पांना हाक मारली. ते धावत आले, तिला बघितलं आणि तडक देवघराकडे वळले.

“मुट्टबेडी!” आई धापा टाकत ओरडली. “हात लावायचा नाही म्हणजे नाही!”

“इंदिरा, हट्ट करू नकोस.”

“सुम्ने, गप बसते मी जरा. होईल बरं.”

वाद घातला तर तिचा दम आणखी वाढणार, हे अप्पांना कळत होतं. त्यांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं. श्वास जरा खाली बसल्यावर तिला डाव्या कुशीला कलती केली, गुडघे टेकले आणि सरळ तिच्या छातीला कान लावला. माझ्यासमोर! जन्मात मी अप्पांना आईच्या हाताला हात लावताना पाहिलं नव्हतं. आईनं लाजून डोळे मिटून घेतले.

अप्पा बराच वेळ ऐकत होते. नवीन काही सापडलं की त्यांचा चेहरा उजळायचा, तसा तो उजळला. मग आपण कुणाच्या छातीला कान लावलाय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. चेहरा पार उतरला.

“हा दम कधीपासून लागतो?”

“ही वनजा पोटात होती तेव्हापासून,” आई माझ्याकडे बोट करून म्हणाली.

“आणि मला सांगितलं नाहीस?”

आईला टोमणे मारता येत नसत. खरंच नवल वाटून तिनं विचारलं, “तुम्ही विचारलं कुठं?”

मला अप्पांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण आमच्या घरची रीतच ती. डॉक्टरच्या बायकोनं पेशंटांच्या बाकावर बसायचं म्हणजे आईला लाज वाटे. ताप आला तर काढा घ्यायची आणि कामाला लागायची. अख्ख्या मोहल्ल्याच्या छात्या अप्पांनी ऐकल्या, तिची तेवढी राहिली.

हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. वेल्लोरच्या मोठ्या इस्पितळात ती उघडून देतात. नाही उघडली तर हृदय थकत जाईल आणि एक दिवस थांबेल, असं अप्पांनी न लपवता सांगितलं. आई म्हणाली, “छाती कापून घ्यायला मी नाही जायची.”

दसऱ्याला सकाळी देवापुढची हत्यारं उचलली. सगळं गाव मिरवणुकीला निघालं होतं. अप्पांनी दवाखाना उघडला आणि आत डोकावून हाक मारली, “इंदिराबाई, या.”

आई लुगडं बदलून आली आणि स्टुलावर बसली. मी पडद्याजवळ उभी राहिले.

“वय?”

तिनं सांगितलं. अप्पा चपापले, ते दोन वर्षं कमी धरून चालले होते.

“बाजारात जाताना कुठं थांबावं लागतं?”

“चौकात. फुलवालीपाशी. घासाघीस करते ती सुम्ने, उगीच हो, दम खायला.”

त्या घासाघिशीवरून जेवताना अप्पा तिची रोज थट्टा करायचे.

पुढं ते विचारत गेले आणि ती सांगत गेली. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती कुंकू का नीट करते, भजनाला भिंतीकडेची जागा का धरते, उशाला दोन उश्या का घेते. तिला मजा वाटू लागली होती. शेवटी अप्पांनी स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला आणि तिच्याच छातीवर टेकवला.

“अय्यो, आत वाटणाचा रगडा फिरतोय की!”

“तोच आवाज.”

ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “एवढा आवाज करतंय, आणि शेजारी निजून तुम्हाला कधी ऐकू नाही आला?”

“नाही आला,” अप्पा म्हणाले, आणि ढसाढसा रडले. मीही रडले.

आईनं त्यांना रडू दिलं. मग पदर पुढं केला. “आयतु, झालं, पुरे. जाऊ वेल्लोरला. पण तिथल्या डॉक्टरला सगळं मी सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

आई तिथून बरी होऊन आली आणि पुढं पुष्कळ वर्षं जगली. पण मला आठवतो तो तिथला पहिला दिवस. तिथले मोठे डॉक्टर अप्पांशी बरोबरीच्या नात्यानं इंग्रजीत बोलू लागले. पेशंटला काय होतं, कधीपासून होतं, असं विचारू लागले. अप्पांना सगळं माहीत होतं. आदल्या महिनाभरात झडपेवरचं मिळेल ते पुस्तक त्यांनी वाचून काढलं होतं. त्यांनी आईकडे बघितलं, खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाले, “तिला विचारा. ती सांगेल तेवढं मी इंग्रजीत करून देतो.”