कातडीखालचे बिऱ्हाड

मी एक जुना लोहचुंबक आहे. जुना म्हणजे पार काळवंडलेला, कडा झडलेला, मसुरीच्या डाळीपेक्षाही लहान. मित्रांनो, तुम्ही लोहचुंबक पाहिले असतील ते फ्रिजच्या दारावर नाहीतर पर्सच्या झाकणात. माझ्या भावंडांना तशी स्वच्छ, कोरडी घरे मिळाली. माझे बिऱ्हाड मात्र एका माणसाच्या कातडीखाली होते. ते कसे होते हे मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना अंगावर शहारा आला तर लाजू नका. मला सांगतानाही येतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. धातूची भुकटी दाबून, भट्टीत भाजून मला घडवले आणि वर सोन्याचा पातळ मुलामा दिला. काय झळाळत होतो मी! पण मला विकत घेतले एका गोंदणाऱ्याने. चपलांच्या दुकानामागे त्याची खोली होती. खुर्चीचे रेक्झीन फाटलेले, त्याखालचा स्पंज कुणाकुणाच्या घामाने पिवळा पडलेला, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली लाल डागांच्या कापसाने काठोकाठ भरलेली. खोलीला शाई, स्पिरिट आणि जुन्या चपला यांचा एकत्र वास येई. त्या वासातच मी तिची वाट पाहत पडून होतो.

ती म्हणजे भिंगरी. खरे नाव वेगळे असणार, पण तिला सगळे भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी उभी राहत नसे. ती मामाच्या दुकानात जळालेल्या मोटारींना नवी तार भरायची. मोटार उघडायची, आतली जळकी तांब्याची तार उपटून काढायची आणि नवी तार वेढे मोजत गुंडाळायची. तिचे काम सुबक होते. पण गिऱ्हाईक दारात आले की तिच्या डोक्यावरून आत बघायचे आणि विचारायचे, “मामा आहेत का?”

मामाच्या हाताला गुण होता. चालत्या मोटारीवर तळवा ठेवला की तो सांगे, बेअरिंग गेले आहे, की तार कुठे जळते आहे. भिंगरीनेही कितीतरी वेळा तसा तळवा ठेवून पाहिला होता. तिला नुसती घरघर लागे.

“मामा, तुला हे कळतं तरी कसं?”

“हात ठेवत राहायचं. एक दिवस कळायला लागतं.”

हे उत्तर भिंगरीच्या पचनी पडले नाही. बोटात लोहचुंबक बसवला की वाहती वीज बोटालाच कळते, हे तिने कुठेतरी पाहिले होते. तिला तो एक दिवस आजच हवा होता. म्हणून ती त्या खोलीत आली.

गोंदणारा डॉक्टर नव्हता. भूल द्यायची त्याला परवानगी नव्हती. त्याने बर्फाच्या पाण्यात तिचे बोट बुडवून ठेवले. बोट पांढरेफटक पडल्यावर त्याने विचारले, “घाबरत नाहीस ना?”

“तुम्ही कापा,” भिंगरी म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केले.

त्याने अनामिकेच्या पेराला चीर दिली, आत बोथट अवजार घालून खिसा केल्यासारखी जागा केली आणि मला त्यात ढकलले. मित्रांनो, त्या क्षणाची शिसारी माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. माणसाचे मांस आतून उबदार असते, ओले असते आणि सतत हलत असते. माझ्या चारही बाजूंनी ते ठणकत होते. वरून टाके घातले आणि उजेड गेला. त्यानंतर मला जे कळले ते ऐकून, वासाने, ओढीने आणि भिंगरीच्या बोलण्यातून.

मला ती जागा आवडली नाही, तसा त्या जागेलाही मी आवडलो नाही. बोट सुजले. माझ्याभोवती चिकट पू साचला. ते शरीर मला सारखे बाहेर लोटत होते, घशात अडकलेला घास लोटावा तसे. भिंगरीने पट्टी बांधली आणि घरी सांगितले, “तार सोलताना कापलं.” ती एकटी असताना पट्टी सोडायची, पू दाबून काढायची आणि वास घेऊन पाहायची. त्यातून कशीबशी जखम भरली. आम्ही दोघांनी एकमेकांना नाइलाजाने सोसून घेतले.

भिंगरीची आई शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मशीनजवळ टाचण्यांची उघडी डबी असे. एके दिवशी आई म्हणाली, “जरा टाचणी दे गं.” भिंगरीने हात पुढे केला आणि टाचण्या डबीतून उठून तिच्या बोटाला साळिंदराच्या काट्यांसारख्या चिकटल्या. आईचे मशीन थांबले.

“हे काय आहे?”

“काही नाही आई. लोहचुंबक आहे. आत बसवून घेतलाय.”

“आत म्हणजे?”

“बोटात.”

आईने तिचे बोट हातात घेतले, चाचपले, आणि कातडीखाली मी सरकताच झटका बसावा तसे सोडून दिले. ती मोरीवर धावली. तिला ओकारीच आली. परत येऊन पदराने तोंड पुसत म्हणाली, “दहाची दहा बोटं धड दिली होती मी तुला. त्यात हा किडा कशाला घालून घेतलास?”

“किडा काय म्हणतेस! मला आता वीज कळते.”

“त्या हाताने माझ्या ताटाला शिवू नकोस.”

आणि खरोखरच त्या दिवसापासून आई स्वतःचे ताट स्वतः वाढून घेऊ लागली. मित्रांनो, तिचा मला राग आला नाही. त्या घरात त्या बोटाबद्दल माझ्याइतकीच किळस वाटणारी तीच एक होती.

दुकानात मात्र माझे कौतुक सुरू झाले. भिंगरीने चालत्या मोटारीजवळ बोट नेले की मी आत थरथरू लागे. मोटार निरोगी असेल तर थरथर एकसारखी, तार जळत असेल तर तुटक आणि खरखरीत. भिंगरी ती ओळखायला शिकली. तिचे निदान बरोबर ठरू लागले. गिऱ्हाइके आता दारातच विचारू लागली, “ती बोटवाली आहे का?” भिंगरीची मान ताठ झाली. मामानेही कौतुकाने मान डोलावली, पण एवढे म्हणालाच, “बोट राहू दे बोटाच्या जागी. तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा.” टेस्टर म्हणजे तारेत वीज आहे की नाही हे दिवा लागून सांगणारा साधा स्क्रूड्रायव्हर. मामाच्या खिशात तो कायम असे.

कौतुकाचे दिवस म्हणाल तर ते माझ्या लेखी सर्वांत ओंगळ होते. येणारा प्रत्येक जण म्हणे, “काहीतरी उचलून दाखव ना!” कुणी केसातली पिन काढून देई, तिला तेलकट कोंडा आणि एक लांब केस चिकटलेला. एका गृहस्थांनी तर खिशातून नेलकटर काढले. त्याच्या पात्यांत त्यांच्या पायाच्या नखांचे तुकडे अडकलेले होते. ते माझ्यापासून कातडीभर अंतरावर लोंबकळत होते आणि भोवतीची माणसे टाळ्या वाजवत होती. दिवसभर लोखंडाचा कीस बोटाला केसाळ सुरवंटासारखा चिकटून बसे. भिंगरी तो पँटला पुसे आणि त्याच हाताने डबा खाई. मला तिथून उठून जावेसे वाटे. पण मला पाय नव्हते आणि तिला काही फरक पडत नव्हता.

एक गोष्ट मात्र मला माहीत होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हते. मला वाहणारी वीज कळते. तारेत दबा धरून बसलेली वीज मला कळत नाही. मोटार चालू असते तेव्हा तारेतून वीज धावते, तिच्या धावण्याने मी थरथरतो. पण मोटारीच्या आतली तार तुटली असेल तर वीज पुढे जाऊ शकत नाही. ती तिथेच थांबते, तितकीच जिवंत, तितकीच घातक. तिच्याजवळ मला नेले तरी मी मुकाट असतो. भिंगरीला वाटे, मी मुकाट आहे म्हणजे वीज नाही.

एका लाँड्रीतले मोठे धुलाईयंत्र बंद पडले म्हणून मामा-भाची तिथे गेले. यंत्रांच्या रांगेमागे ओल होती, फरशीवर साबणाचे पाणी होते. लाँड्रीवाला म्हणाला, “मी स्विच बंद केलाय, बिनधास्त उघडा.” त्याने बंद केला होता तो शेजारच्या यंत्राचा. या यंत्राच्या मोटारीची तार आतून तुटलेली होती.

मामाचा हात सवयीने खिशाकडे गेला.

“थांब रे मामा,” भिंगरी म्हणाली. तिने बोट तारेजवळ नेले. मी गप्प होतो. मी गप्पच राहू शकत होतो. “बंद आहे. काढ तू.”

मामाने टेस्टर काढला नाही. भाचीच्या शब्दावर त्याने तार पकडली.

तो ओरडला नाही. त्याच्या घशातून नुसता घुसमटल्यासारखा आवाज आला आणि मूठ तारेवर आवळली गेली. आता मात्र वीज वाहत होती, त्याच्या अंगातून, आणि आता मी वेड्यासारखा थरथरत होतो. भिंगरीने किंचाळत मेन स्विचकडे धाव घेतली आणि सगळीच वीज तोडली. मामा खाली पडला. जळलेल्या मांसाचा वास लाँड्रीभर पसरला, धुतलेल्या कपड्यांच्या सुवासात मिसळून. मित्रांनो, त्याहून घाण वास मी आजवर घेतलेला नाही.

मामा वाचला. पण तळव्याची कातडी गेली आणि दोन बोटे आत वळून तशीच राहिली. ज्या हाताला गुण होता तोच हात.

इस्पितळातून भिंगरी थेट दुकानात गेली. तिथे लोखंडी शिकंजा होता, तार घट्ट धरून ठेवणारा. तिने बोट त्याच्यावर आपटले. पुन्हा आपटले. मी लोखंडाच्या ओढीने झेपावत होतो आणि मधले मांस चेचले जात होते. माझा सोन्याचा मुलामा तडकला. आतल्या धातूला शरीरातले खारे पाणी लागले आणि मी सडू लागलो.

होय, मीच. इतके दिवस मी त्या मांसाला नाके मुरडली, आणि आता त्या मांसात माझे काळे पाणी झिरपत होते. बोट आधी जांभळे झाले, मग काळपट. भिंगरीने कुणाला दाखवले नाही. पट्टीवर पट्टी बांधत राहिली. दुखत होते तेच तिला बरे वाटत होते.

शिवता शिवता एके दिवशी आईने हवेत वास घेतला. “काय मेलंय गं घरात? उंदीर मेलाय का?” ती मशीनखाली वाकली, कपाटामागे पाहिले आणि मग तिची नजर भिंगरीच्या पट्टीवर गेली.

“सोड ती.”

“नको आई. तुला बघवणार नाही.”

“मी म्हणते, सोड.”

पट्टीबरोबर कातडीचा एक पापुद्रा निघून आला. आईने चपला पायात घातल्या आणि लेकीला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी चीर दिली आणि चिमटा आत घातला, तर चिमटाच मला येऊन चिकटला. “अहो, हा तर माझीच अवजारं ओढतोय!” त्या वैतागल्या. शेवटी प्लॅस्टिकचा चिमटा मागवून त्यांनी मला काढले, अख्खा नव्हे, चुरा चुरा करून. एक मोठा तुकडा उरला, तो म्हणजे आजचा मी. कितीतरी दिवसांनी उजेड दिसला आणि त्या उजेडात मी स्वतःला पाहिले. काळा, बुळबुळीत, पूमाखला. सोन्याचा कणही उरला नव्हता.

“फेकून द्या,” भिंगरी तोंड फिरवून म्हणाली.

“नको,” आई म्हणाली. “मला द्या. बाटलीत घालून.”

बोट राहिले, पण त्याचे टोक बधिर झाले. जखम रोज धुवावी लागे. ते काम आईने केले. जी आई ताटाला शिवू देत नव्हती, ती मांडीवर लेकीचा हात घेऊन बसे, कोमट पाण्याने पू पुसे आणि एकदाही नाक मुरडत नसे. भिंगरी म्हणे, “आई, किळस नाही येत?”

“येते ना. म्हणून काय हात सोडू?”

मामा बरा होऊन आला तेव्हा भिंगरी त्याच्या समोर बसेना. तो म्हणाला, “मान वर कर. टेस्टर माझ्याच खिशात होता. काढला नाही तो मी.” मग त्याने आईच्या शिलाई मशीनची मोटार चालू केली आणि भिंगरीचा दुसरा, धड हात तिच्यावर ठेवला. “माझ्या तळव्याला आता काही लागत नाही. तुला काय लागतंय ते तू सांग. त्याला काय म्हणायचं ते मी सांगतो.”

“घरघर लागते नुसती.”

“कशी? जाड की बारीक?”

तिने तळवा घट्ट दाबला. “मधेच अडकल्यासारखी.”

“पट्टा सैल झालाय,” मामा म्हणाला. “ठेव हात. काढू नकोस.”

मी हे सगळे कपाटातल्या बाटलीतून ऐकले. मी आता तिथेच असतो. गणवेशाची मापे द्यायला मुले येतात. एखादा मुलगा, एखादी मुलगी भिंगरीच्या बोटाची जुनी कीर्ती ऐकून विचारते, “ताई, मलाही असं काही बसवता येईल?” तेव्हा आई मापाची टेप गळ्यात टाकते, बाटली काढते आणि झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरते.

“आधी वास घ्या. मग बोला.”

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण आईच्या खोलीतून तोंड दाबून पळालेले मी पाहिले आहेत. मला त्याचे वाईट वाटत नाही. तुमची बोटे धड आहेत, त्यांना शिकायला वेळ लागतो, तो लागू द्या. दुखले-खुपले तर लपवू नका, घरच्या माणसाला दाखवा. ते ओरडतील, ओकतील, पण हात सोडणार नाहीत. आणि जाताना एवढे करा, माझ्या बाटलीचे झाकण घट्ट लावा. माझा वास मलाही सहन होत नाही.