रेड लाइनसमोर मरसा

माझ्या दुकानात शिव्या चालतात. हे मी कैरोहून आलेल्या वगदीसाहेबांना दारातच सांगून टाकलं, म्हणजे मागाहून नाक मुरडायला नको. अलेक्झांड्रियात बहारीला, कोळ्यांच्या धक्क्यामागे माझं गेमचं दुकान आहे. समोरासमोरच्या भिंतींना लावून दोन रांगांत संगणक, डोक्यावर खडखडणारे पंखे आणि दाराशी खुर्ची टाकून मी, इन्शिराह. पोरं हरली की ओरडतात, जिंकली की त्याहून जास्त ओरडतात. मी जन्मात कधी माउस हातात धरला नाही, पण इतकी वर्षं इथे बसून कान तयार झालेत. रस्त्याकडे तोंड करूनही सांगेन, आत्ता कोण मेला आणि कोणाच्या मूर्खपणामुळे मेला.

इथे गेम एकच चालायची, रेड लाइन. पाच जणांची टोळी विरुद्ध पाच जणांची टोळी, बंदुका, गल्ल्या, गच्च्या. पोरांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ती खेळतायत. काहींची लग्नं झाली, पोरं झाली, तरी शुक्रवारची नमाज आटोपली की पाय इकडेच वळतात. त्यांचा कॅप्टन शौकत. बोटी बांधायच्या कारखान्यात सुतारकाम करतो, बोलतो कमी आणि बोलला की लागतं. त्याच्या टीममधला गाबर अगदी उलटा. मासे तळायची गाडी आहे त्याची, अंगाला कायम तेलाचा वास आणि तोंडाला कायम सुट्टी.

आणि निस्मा. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दोन मैत्रिणींना घेऊन दुकानावरच्या खोलीत बसून बसून तिने स्वतःची गेम बनवली. तिचं नाव मरसा, म्हणजे बंदर. तीही पाच विरुद्ध पाच, तीही बंदुकांची. पण गल्ल्यांऐवजी धक्के, धुकं, नांगरलेल्या बोटी, मधोमध एक पूल आणि टोकाला दीपस्तंभ. पोरीने डोळ्यांची पार वाट लावून घेतली. मी वर चहा न्यायची आणि गार झालेला परत आणायची.

वगदीसाहेब कैरोत गेमची मोठी स्पर्धा भरवतात. भल्यामोठ्या मंचावर रेड लाइनचे सामने होतात आणि अख्खा देश बघतो. निस्माने त्यांच्यामागे लकडा लावला होता, माझी गेमही त्या मंचावर घ्या म्हणून. शेवटी ते म्हणाले, येतो, रेड लाइन कोळून प्यायलेल्या पोरांना तुझी गेम खेळताना बघतो आणि तिथेच हो का नाही ते सांगतो. हो म्हणाले तर मरसा जगणार होती. नाही म्हणाले तर एक मैत्रीण दुबईच्या नोकरीवर जाणार होती, दुसरीचं लग्न घरचे पुढे ढकलायला तयार नव्हते, आणि वरच्या खोलीला कुलूप लागणार होतं. निस्मा मला एवढंच म्हणाली होती, "मावशी, एकटीने ही गेम ओढवणार नाही गं मला."

तर त्या शुक्रवारी दुपारी दहाही खुर्च्या भरल्या. शौकतचे पाच एका रांगेत, बाकीचे पाच समोर. वगदीसाहेब पांढराशुभ्र शर्ट घालून मधे उभे. मी त्यांना कलेजीचं सँडविच दिलं, ते शर्ट सांभाळत खात होते. मरसा सुरू झाली. पोरं खेळली, शौकतची टीम जिंकली. दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एक शिवी नाही.

"काय मंडळी?" वगदीसाहेबांनी विचारलं. "रेड लाइनच्या तुलनेत कशी वाटली?"

"कमाल!"

"तोडच नाही साहेब!"

"रेड लाइन हिच्यापुढे पाणी भरेल!"

"निस्माताईंचे हात सोन्याने मढवायला हवेत!" हे गाबर.

मला काय, गुदगुल्याच झाल्या. आपला तो बाब्या असतोच ना! मी ओढणी सारखी केली आणि साहेबांकडे पाहिलं. ते हसत होते, पण ते हसू माझ्या ओळखीचं होतं. आमच्याकडे बोटीत जेवायला बसलेला कोळी काठावरच्या माणसाला हाक मारतो, "या जेवायला!" मधे एवढं पाणी. काठावरचा येणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं, पण बोलावल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. काठावरचाही छातीवर हात ठेवून म्हणतो, "देव भरपूर देवो!" पोरांचं कौतुक हे असलं जेवणाचं बोलावणं होतं. मावशीच्या भाचीची गेम, त्यात पाहुणा आलेला, कोण वाईट बोलणार? बोलला असता तर बहारीत त्याला कोणी माणसात धरलं नसतं. पण साहेबही याच देशातले. त्यांनी बरोब्बर ओळखलं.

निस्मानेही ओळखलं. तिचे कान लाल झाले.

"शौकत," ती म्हणाली, "रेड लाइनमध्ये हरतोस तेव्हा काय म्हणतोस?"

"म्हणजे?"

"बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोस. वरच्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं मला. इतकी वर्षं खेळून ती गेम तुला अजून धड वाटत नाही, आणि माझी एका मॅचमध्ये कमाल झाली? मी काय आजारी आहे, एवढं जपून बोलायला? हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका मला. खरं बोला."

शौकतने माझ्याकडे पाहिलं. "मावशीसमोर?"

"बोल मेल्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शौकतने हेडफोन गळ्यातून काढला. "पावलं," तो म्हणाला. "रेड लाइनमध्ये समोरचा जिन्यात आहे का गच्चीवर, मी डोळे मिटून सांगतो. इथे सगळे कापसावर चालल्यासारखे चालतात. निस्मा, मी लाकडातला माणूस आहे. धक्क्याच्या ओल्या फळीवर पाय पडला तर ती बोलते. तुझी फळी मुकी आहे."

"पुढे?"

"बंदूक. रेड लाइनची बंदूक उचलली की हाताला वजन कळतं, झटका कळतो. तुझी म्हणजे पिचकारी. आणि तो दिवा!"

"दिव्याला काय झालं?" गाबर फिसकारला.

दिव्याचं असं होतं. रेड लाइनमध्ये मेला तो मेला, राउंड संपेपर्यंत बसून राहायचं. मरसात मेलेला गडी दीपस्तंभावर जातो आणि तिथून दिव्याचा झोत फिरवतो. झोत पडेल तिथला अंधार आणि धुकं फाटतं आणि तिथे असेल तो सगळ्यांना दिसतो. शत्रू असो नाहीतर आपला, दिवा भेदभाव करत नाही.

"मेलेल्याने मेल्यासारखं गप पडावं," शौकत म्हणाला. "ह्या गाबऱ्याने झोत टाकला तो थेट माझ्यावर. नागडा करून चौकात उभा केला मला!"

"तूच बोंबललास, उजेड टाक, उजेड टाक!"

"तिकडे टाक म्हणालो मी!"

"तिकडे म्हणजे कुठे? मी मेलेला माणूस, तुझं बोट मला दिसणार आहे?"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. गाबर आता उभाच राहिला. "ऐका रे सगळे. रेड लाइनमध्ये मी पहिला मरतो. मान्य. मग काय करतो? भाजलेल्या बिया खात बसतो. मावशीला विचारा, रोज माझ्या खुर्चीखाली टरफलांचा ढीग असतो का नाही. आज वाका आणि बघा. एक टरफल आहे? बिया खायला वेळच नाही मिळाला! मेल्यावर जास्त काम होतं मला!"

मी खरंच वाकून पाहिलं. फरशी लख्ख होती.

"म्हणजे तू मरण्यात पटाईत, म्हणून गेम चांगली?" शौकत म्हणाला.

"म्हणजे तुला एकट्यालाच हिरो व्हायचंय, म्हणून रेड लाइन चांगली! तिथे तू एकटा पाच मारतोस आणि आम्ही टाळ्या वाजवतो. इथे तुला माझी गरज लागते, ते झोंबतंय!"

"तुझी गरज? ऊठ, जा त्या रांगेत. लाव परत. बघतो तुझा दिवा."

गाबर उठला आणि खरोखर समोरच्या रांगेत जाऊन बसला. तिथला एक गडी त्याच्या जागेवर आला. मरसा परत सुरू झाली आणि आता माझ्या दुकानाला कंठ फुटला. बंदुकीचं बरोबर, नाही चूक, धुकं जास्त, नाही धुकंच तर मजा, तुझी अक्कल जास्त. मी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण ते हेच, मला वाटलं. कुणी सांगितलं होतं पोरीला सुखाचा जीव दुःखात घालायला?

वगदीसाहेब निस्माजवळ आले. वाईट माणूस नव्हता तो. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी ऐकलं सगळं. गेम अजून कच्ची आहे. असं करू, मुख्य सभागृहाच्या बाजूच्या दालनात आपल्या देशातल्या नव्या मुलांच्या कामासाठी जागा ठेवतो आम्ही. प्रोत्साहन म्हणून. तिथे तुला एक टेबल देतो."

"आणि मंचावर?"

"मंचावर रेड लाइन."

"मग नको," निस्मा म्हणाली.

"अगं बाई, टेबल तर टेबल! घे ना!" मी म्हटलं. जिन्यावर तिच्या दोन्ही मैत्रिणी उभ्या होत्या. एकीने तोंडावर हात ठेवला होता.

"मावशी, थांब," निस्मा म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "त्या टेबलापाशी लोक येतील, शाब्बास पोरी म्हणतील आणि रेड लाइन बघायला निघून जातील. शाब्बास मला इथेच मिळालं, मघाशी ऐकलंत तुम्ही. फळ्या मुक्या आहेत, मी त्यांना बोलायला लावीन. बंदूक हलकी आहे, जड करीन. पण माझी गेम रेड लाइनच्या समोर उभी राहील आणि तिथे मार खाईल. बाजूच्या खोलीत बसून कौतुक खाणार नाही."

काय सांगू, तिला एक धपाटा घालावा आणि तिचे मुकेही घ्यावेत, असं एकाच वेळी वाटलं मला. आमच्या घराण्यात कोणी कैरोवाल्याशी असं ताठ मानेने बोललं नव्हतं. जिन्यावरच्या मैत्रिणीने तोंडावरचा हात काढला आणि मान हलवली. ती हो म्हणत होती.

"जशी तुझी मर्जी," साहेब म्हणाले. त्यांनी बॅग खांद्याला लावली आणि शौकतच्या खुर्चीपाशी गेले. "कॅप्टन, यंदा रेड लाइनला तुमची टीम येते आहे ना? तेवढं सांगा, म्हणजे मी निघतो."

"थांबा साहेब, पुलाखाली माणूस आहे."

ते थांबले. राउंड संपला. "कॅप्टन?"

"हा झाला की बोलू."

तो झाला, त्याच्या पुढचाही झाला. एरवी साहेबांसारखा माणूस आला तर हीच पोरं खुर्ची सोडून उभी राहतात. आज कोणी मान वळवेना. शिव्यांना तर ऊत आला होता, मी जन्मात ऐकल्या नाहीत अशा बोटीवरच्या शिव्या. साहेब बॅग घेऊन उभे राहिले. मग बॅग खाली ठेवली. मग समोरच्या रांगेत गाबरच्या पाठीमागे जाऊन बघू लागले.

गाबर नेहमीप्रमाणे पहिला मेला. पण या वेळी त्याने दिवा लावलाच नाही. सगळं बंदर काळंकुट्ट. त्याची टीम बोंबलत होती, "उजेड! उजेड!" गाबर हूं नाही का चूं नाही. पलीकडे शौकत अंधाराचा फायदा घेऊन आपल्या माणसांना पुलावरून घेऊन निघाला होता. मला त्याची कुजबूज ऐकू येत होती. साहेबांना मधे उभं राहून दोन्हीकडच्या स्क्रीन दिसत होत्या. ते चवड्यांवर उभे राहिले.

"आता!" साहेब एकदम ओरडले. "टाक ना रे बाबा, टाक आता!"

गाबरने झोत टाकला. पुलाच्या अगदी मधोमध, शौकत आणि त्याच्यामागे सगळे, रांगेत, लख्ख उजेडात. पुढचं मला सांगता येत नाही, कारण दुकानात जो कल्ला झाला त्यात मलाही काही ऐकू आलं नाही. कोणीतरी गाबरला खांद्यावर घेतलं. साहेबांच्या पांढऱ्या शर्टवर गाबरचा तेलकट पंजा उमटला आणि साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. निस्मा भिंतीला टेकून उभी होती. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसली नाही, बघू देत कोणाला बघायचं ते.

साहेब धापा टाकत निस्माकडे आले. "मंच," ते म्हणाले. "मोठा मंच. रेड लाइनच्या समोर. पण ती पावलं तेवढी..."

निस्माचं लक्षच नव्हतं. शौकतने हेडफोन टेबलावर आपटला होता आणि तो लालबुंद होऊन उठला होता.

"पुलाला कठडा नाही, आडोसा नाही, लपायला बोटभर जागा नाही! कुठल्या गाढवाची अक्कल ही? कोणी बनवलाय हा पूल?"

पोरांच्या माना भिंतीकडे वळल्या. सगळ्यांना आठवलं, ती इथेच आहे.

निस्मा भिंतीपासून पुढे आली.

"मी," ती म्हणाली. "आणि तो तसाच राहणार."

शौकतने हेडफोन उचलून कानाला लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

"परत लावा रे," तो म्हणाला.