जुन्या बोक्याचा चाप

लाकडी पायावर लोखंडी चाप बसवणारा माणूस गाढव असला पाहिजे, असं बाबांनी जाहीर केलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मी भांडी पुसत होते. म्हटलं, बाबा, तो खरा चाप नाही, चित्र आहे. तर म्हणे, चित्र असलं म्हणून काय झालं, काढणाऱ्याला अक्कल नको?

खेळ तसा बिनडोक आहे. तुमच्याकडे एक पिंजरा असतो, त्याचे दोन भाग: वर चाप, खाली पाया. चीज ठेवायचं आणि शिंग फुंकायचं. शिंग वाजलं की उंदीर येतो. चापात ताकद असेल तर सापडतो, नाहीतर चीज खाऊन पसार. पकडलेल्या उंदरांचे गुण मिळतात, गुणांवर नवा चाप, नव्या चापावर नवा प्रदेश. डोंगर पोखरून उंदीर काढायचा आणि लगेच पुढचा डोंगर पोखरायला घ्यायचा. ज्यांना घरात काम नाही त्यांच्यासाठी बरं आहे.

पण त्यात एक गोम आहे. एका टोळीतली माणसं एकाच प्रदेशात असली, तर एकाने शिंग फुंकलं की सगळ्यांचे पिंजरे वाजतात, आणि पडद्यावर ओळ येते, की अमक्याने शिंग फुंकलं. बाबा त्या एका ओळीसाठी खेळत होते. तो अमका माझा धाकटा भाऊ होता.

बाबा पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. धाकट्याला त्यांनीच तिथे चिकटवला. पत्रा कापायच्या प्रेसला पुढे एक गार्ड असतो, जाळीचा. हात आत असताना मशीन खाली येऊ नये म्हणून स्प्रिंगने तो आधी खाली पडतो. एक दिवस तो पडलाच नाही, आणि धाकट्याबरोबर काम करणाऱ्या माणसाची दोन बोटं गेली. धाकटा सांगत होता की स्प्रिंग ढिली झालीय, मी तुम्हाला आधीच बोललो होतो. बाबांच्या टेबलाशी कुणी तक्रार घेऊन आलं की बाबा “हं, बोल” म्हणत आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत निकाल देऊन मोकळे होत. त्या दिवशीही दिला. सगळ्या खात्यासमोर म्हणाले की गार्ड वर बांधून काम करत होतास, असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा.

नंतर मेकॅनिकने गार्ड उघडला. स्प्रिंग झिजलेली निघाली. बाबांनी ती बदलून घेतली आणि कुणाला काही सांगितलं नाही. आमच्याकडे सुंभ जळतो, पीळ जात नाही. पण तोवर धाकट्याने घर सोडलं होतं, नंबर बदलला होता, आणि मी बाबांच्या घरात राहिले म्हणून मलाही सगळीकडून काढून टाकलं होतं.

पूर्वी आम्ही दोघं हा खेळ खेळायचो. एक दिवस सहज उघडला, त्याचं नाव शोधलं, तर तो होता. ‘कानतुट्या’. लहानपणी दाराच्या कडीत अडकून त्याची कानाची पाळी फाटली होती, तेव्हा बाबांनीच हे नाव ठेवलं होतं. आता तो ‘रात्रपाळी’ नावाच्या टोळीचा प्रमुख होता, आणि टोळीत कुणीही शिरू शकत होतं.

मी बाबांना नुसतं दाखवलं. त्यांनी मला खातं उघडून द्यायला लावलं. नाव काय घालू विचारलं, तर म्हणाले, जुना बोका. म्हटलं, सरळ लिहा ना तुम्ही कोण ते. त्यावर म्हणाले, तू बोकाच घाल. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यांना धाकट्याला एवढंच सांगायचं होतं की स्प्रिंग झिजलेली होती, तुझं बरोबर होतं. तेवढी चार शब्दांची गोष्ट सांगायला ते उंदीर मारत निघाले होते.

टोळीत नवा माणूस आला की प्रमुख त्याला पहिला चाप भेट देतो. धाकट्याने जुन्या बोक्यालाही दिला, साधा लोखंडी. सोबत लिहिलं, काका, सध्या लाकडी पायावरच बसवा, ताकद कमी पण नशीब जास्त. यावरूनच तो गाढवाचा निकाल लागला होता. मी भांडी आवरून आले तेव्हा मात्र बाबांनी लोखंडी चाप लाकडी पायावर बसवलेला होता. मी पाहत राहिले. या माणसाने जन्मात दुसऱ्याचं सांगितलेलं दिव्याचं बटणही दाबलं नव्हतं.

मग तेच सुरू झालं. पाया कधी बदलू, चीज कुठलं लावू, हे बाबा धाकट्याला विचारायचे, आणि तो सांगेल तसं निमूट करायचे. संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानातून घरी यायचे तेव्हा ते आजचे उंदीर मला दाखवायचे. टोळी पुढच्या प्रदेशात सरकली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तिथे जाण्याइतकी चापाची ताकद नसेल तर ते मागे राहणार, आणि शिंग ऐकू येणार नाही. मग दिवसभर मोबाईलला चिकटून गुण जमवायचे. मला त्यांची कीव यायची, आणि कीव आली की मी चिडायचे. एकदा म्हटलं, एवढे उंदीर खऱ्या घरात पकडले असते तर शेजाऱ्यांनी सत्कार केला असता.

टोळीत कुणीतरी धाकट्याला विचारलं, तुम्हाला चाप-स्प्रिंगांतलं एवढं कसं कळतं. त्याने लिहिलं, वडिलांकडून शिकलो, ते वारले.

बाबांनी ते मला वाचायला दिलं. मी वाचलं.

“कधी वारलो, ते लिहिलंय का?” बाबांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी मोबाईल परत घेतला आणि एका बोटाने, वेळ लावून लिहिलं, वाईट झालं. धाकट्याचं लगेच उत्तर आलं. त्यांना मशीन कळायचं काका, माणूस कळायचा नाही, तुमच्यासारखं एकदा जरी ऐकून घेतलं असतं तरी पुष्कळ होतं. बाबांनी त्याखाली लिहिलं, बरोबर. मग उठून आत गेले आणि जेवायला आले नाहीत.

मी त्यांना सांगितलं की आता तरी बोला, इथेच लिहा. ते म्हणाले, त्याला बोका आवडतो. मी कोण ते कळलं तर बोकाही जाईल.

शेवटी घोडं अडलं ते चापावरच. टोळी ‘बुडालेली गिरणी’ या नव्या प्रदेशात निघाली होती. तिथे दुहेरी चाप लागतो, आणि तो घडवायला पहिला चाप वितळवावा लागतो. बाबांकडे गुण होते, सगळं होतं, पण तो भेटीतला चाप ते वितळवेनात. धाकट्याने समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग त्याने एकट्या बोक्याला निरोप पाठवला, की काका, जुन्याला इतकं धरून बसू नका, मी सगळं वितळवून पुढे आलो, काही बिघडत नाही. लिहून पटत नसेल तर फोन करा. आणि खाली नंबर.

बाबांनी दाढी केली. फोनवर बोलायला दाढी कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. ते खुर्चीत ताठ बसले. काय बोलायचं ते माझ्यासमोर म्हणून पाहिलं: मी बोलतोय, स्प्रिंग झिजली होती, तुझी चूक नव्हती. चांगलं जमत होतं. मग नंबर लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू येईल.

“बोकाकाका ना?” धाकटा म्हणाला. मागे कुठलंसं मशीन चालू होतं. तो खोकला आणि हसून म्हणाला, “मला वाटलंच होतं तुम्ही करणार.”

बाबांनी तोंड उघडलं. घोकलेलं सगळं तिथेच अडकलं. घसा साफ केला, आणि तोंडातून जे बाहेर आलं ते जन्मभराच्या सवयीचं आलं.

“हं. बोल.”

पलीकडचं हसू थांबलं. मशीन चालूच होतं.

“माझे वडील वारलेत काका,” धाकटा सावकाश म्हणाला. “सांगितलं होतं मी तुम्हाला.”

फोन बंद झाला. बाबांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मोबाईल तोंडाजवळ धरून ते म्हणाले की गार्डची स्प्रिंग झिजली होती, तू सांगितलं होतंस, माझंच बघायचं राहिलं. सगळं नीट, एकही शब्द न अडखळता बोलले. मग माझ्याकडे पाहिलं.

“ठेवला का त्याने?”

“आत्ताच,” मी म्हटलं.

त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला. नंतर म्हणाले, खोकला झालाय त्याला, आणि औषध तो कधी वेळेवर घेत नाही. पुन्हा नंबर लावला तेव्हा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

खेळ उघडला तर दोन ओळी आल्या होत्या. कानतुट्याने टोळी सोडली. टोळीचे नवे प्रमुख: जुना बोका. प्रमुख निघून गेला की ज्याने सर्वात जास्त शिंग ऐकलंय त्याच्याकडे टोळी जाते, असा तिथला नियम आहे. बाबांनी त्या ओळींकडे पाहिलं आणि मला नको म्हणाले. पण नको म्हणायला तिथे बटण नव्हतं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. चाप तोच, जुना, लाकडी पायावरचा. टोळीत कुणीतरी नवीन आलं होतं आणि त्याने विचारलं होतं, प्रमुख, लाकडी पायावर लोखंडी चाप चालेल का?

बाबांनी चष्मा खाली ओढला आणि एका बोटाने लिहायला घेतलं. मी मागे उभी राहून वाचत होते. त्यांनी लिहिलं, तुला काय वाटतं ते आधी सांग. मग थोडं थांबून पुढे लिहिलं, मी ऐकतोय.