वाटणीत न आलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे मित्रांनो, पण माझी अर्धी हयात मी आडवा पडून काढली आहे. हसू नका. धडधाकट माणसाला आठ दिवस खाटेवर झोपवून ठेवलं तर तो कसा कावतो? मग ज्याचा जन्मच उघडायला आणि मिटायला झाला, त्याला सुताराच्या लाकडी घोड्यांवर उताणं टाकलं, वर कागद, कॉफीचे कप आणि कोपरं ठेवली, तर त्याच्या जिवाची किती तगमग होत असेल!

माझा जन्म सांता क्लारा खोऱ्यातला. तेव्हा तिथे संगणकाच्या कंपन्या नव्हत्या, जर्दाळूच्या बागा होत्या. जर्दाळू चिरून लाकडी तबकांत मांडायचे, एका बंद खोलीत ठेवायचे आणि गंधकाची धुरी द्यायची, म्हणजे सुकल्यावरही त्यांचा केशरी रंग टिकायचा. त्या खोलीला कणभर धूर बाहेर न सोडणारं दार हवं होतं. बागेचा मुकादम होता आन्सेल्मो, दूर समुद्रातल्या अझोर बेटांवरून पोटासाठी आलेला. त्याने रेडवुडच्या जाड फळ्या रंधून मला घडवलं, कडेने गोणपाटाची पट्टी ठोकली आणि पाठीवर चाकूने आपलं नाव कोरलं. उभ्या खोऱ्यात असं घट्ट मिटणारं दार नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी ते ऐकून फुगायचो. लाकूड काही फक्त पाण्यानेच फुगत नाही!

पुढे झाडं तुटली, काचेच्या इमारती आल्या. आन्सेल्मोने बिजागऱ्या काढून मला ट्रकमधून घरी नेलं. त्याच्या पश्चात मी त्याच्या नातीकडे, डेल्फिनाकडे आलो. आजोबांनी तिच्या नावाने दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, मी आणि गोड पावाचं पीठ मळायचं भलंमोठं पातेलं.

डेल्फिना शाळेत नर्स. तिचं गॅरेटशी नुकतंच लग्न झालं होतं आणि गॅरेटच्या डोक्यात संगणकाची एक अफलातून कल्पना होती. या खोऱ्यात गॅरेजमध्ये दार आडवं टाकून त्यावर काम सुरू करणं म्हणजे जणू मुहूर्ताचा नारळ. सगळ्या थोर लोकांनी म्हणे असंच केलं होतं. झालं! दोघांनी मला उचललं, घोड्यांवर टाकलं, आणि दरवाजाचं टेबल झालं. त्या कल्पनेचे बारा वाजले. तिच्या मागून आलेल्या कल्पनेचेही वाजले. मी मात्र तिथेच.

खोटं कशाला बोलू, ते दिवस वाईट नव्हते. त्यांची मुलगी विनी माझ्याखाली रांगली, माझ्यावर चित्रं काढायला शिकली, भूमितीच्या कंपासाने तिने माझ्या अंगाला भोकं पाडली. मग ती ट्रॉम्बोन वाजवायला लागली. मित्रांनो, ट्रॉम्बोन म्हणजे फुंकून वाजवायचं लांबलचक पितळी वाद्य. तिचा पहिला सूर ऐकून शेजारचा कुत्रा दोन दिवस जेवला नाही, असं गॅरेट म्हणायचा. ट्रॉम्बोनची पेटी ठेवायची जागा माझ्याखालीच.

पुढे गॅरेटने दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी धरली. पगार बेताचा, पण सोबत शेअरचे हक्क. म्हणजे काय? समजा, झाडाला आत्ता नुसता मोहोर आहे. मालक म्हणतो, चार वर्षं इथे राबलास तर पुढे फळ कितीही महाग होवो, तुला आजच्याच भावाने देईन. फळ महागलं तर तुझी चांदी, स्वस्त झालं तर हक्काचा कागद चुलीत घाल. गॅरेट त्या मोहोराकडे बघून दिवस ढकलत होता, आणि डेल्फिनाच्या पगारावर घर चालत होतं.

त्या घरात हळूहळू काहीतरी बिनसत गेलं. भांडण नाही, आदळआपट नाही. बोलणंच आटलं. वसंतात गॅरेटने आपला बिछाना गॅरेजमध्ये आणला. कामाची घाई आहे, असं त्याने डेल्फिनाला सांगितलं. मला मात्र त्याचे पाय दिसायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत. मलाही स्वस्थ पडवेना.

आता या खोऱ्यातली एक खोड सांगतो. इथे महत्त्वाचं काहीही कोणी तालमीशिवाय बोलत नाही. पैसेवाल्यांसमोर कल्पना मांडायची तर आधी घरी दहादा म्हणून बघायची. गॅरेटने अशा सगळ्या तालमी माझ्यासमोर उभं राहून केल्या होत्या. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो तसाच उभा राहिला, एक हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाला, "डेल्फिना, आपण एकमेकांशी वाईट वागलो नाही. पण आपण संपलो आहोत. मला वेगळं व्हायचंय."

समोर डेल्फिना नव्हती. मी होतो.

मग त्याने तेच सावकाश म्हटलं. मग मध्ये थांबून. सुरुवातीला एक विनोद घातला, तो काढला. मागे कपाटाआड विनी सायकलमध्ये हवा भरायला आली होती. तिच्या हातातला पंप तसाच राहिला. ती बाजूच्या दाराने निघून गेली, आणि चाक तसंच बसलेलं राहिलं.

ऑगस्टमध्ये कंपनीने गॅरेटच्या पदरात हक्कांचा आणखी एक मोठा घोस टाकला. आणि नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण झाल्यावर, भांडी विसळताना, त्याने अखेर डेल्फिनाला सांगितलं. तिने टर्कीचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, मेमध्येच सांगितलं होतं की तुला. ती म्हणाली, मेमध्ये? मला?

इथूनच वाद पेटला. त्यांच्या मुलखाचा कायदा असा, की लग्नाच्या काळात जे कमावलं ते दोघांचं निम्मं निम्मं, आणि आपण वेगळे होतोय हे जोडीदाराला सांगून तसं वागायला लागलं, की त्या दिवसापासून ज्याचं त्याचं. मेमध्ये सांगितलं असेल, तर ऑगस्टचा घोस एकट्या गॅरेटचा. नोव्हेंबरात, तर त्यात डेल्फिनाचाही वाटा. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' अशातलीच गत. पण त्या तुरींवर विनीचं घर टांगलेलं होतं! डेल्फिनाला घरातला गॅरेटचा निम्मा हिस्सा घ्यायचा, तर हक्कांतला आपला वाटा सोडूनच घेता येणार होता. वाटा तोकडा पडला, तर घर विकायचं. मग विनीची शाळा सुटणार, बँड सुटणार, तिची खोलीही जाणार.

तडजोड घडवायला ओकामोटो बाई आल्या. वयस्क, बारीक चणीच्या, हातात आपल्या झाडाच्या पर्सिमन फळांची पिशवी. कचेरीपेक्षा माणसं आपल्या टेबलाशी खरी बोलतात, असं त्यांचं मत. तिघं माझ्याभोवती बसली. मी धास्तावलो होतो. या गावात नकोसं सामान 'फुकट' अशी पाटी लावून रस्त्याकडेला ठेवतात. एक सोफा तसा पावसात भिजत पडलेला मी पाहिला होता.

आधी किरकोळ वाटण्या झाल्या. गाडी तुझी, तंबू माझा, वॅफलचं यंत्र कोणालाच नको. मग बाईंनी विचारलं, तुम्ही नक्की कोणत्या दिवशी सांगितलंत?

"मेमधला रविवार. दुपार," गॅरेट ठामपणे म्हणाला. "मी म्हणालो, आपण एकमेकांशी वाईट वागलो नाही. पण आपण... संपलो आहोत. मला वेगळं व्हायचंय."

मधलं थांबणंही तेच. हातही तसाच माझ्यावर.

"इतकं छान तू माझ्याशी कधी बोललाच नाहीस," डेल्फिना म्हणाली. "बोलला असतास तर लग्न मोडलंच नसतं."

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो, हेच तर दुःख! त्याने ते इतक्यांदा म्हटलं होतं, की सांगून झालं असंच त्याला वाटत होतं. हे जाणणारा एक मी. मी कितीही करकरलो तरी जुनं लाकूड म्हणून सोडून देणार. आणि दुसरी विनी. ती नेमकी तेव्हाच माझ्याखालची पेटी घ्यायला आली होती. बँडच्या सरावाला उशीर झाला होता, तरी ती पेटीची कडी लावत, काढत, पुन्हा लावत वाकून राहिली. मे ते डिसेंबर तिने ती दुपार एकटीने पोटात ठेवली होती. बोललं तर डॅडचं नुकसान, गप्प राहिलं तर ममाचं. पोरीने जावं कुठे?

"डॅड," ती उठून उभी राहिली, "ते तू ममाला नाही सांगितलंस. टेबलाला सांगितलंस."

ओकामोटो बाई म्हणाल्या, "विनी, तुला इथे साक्ष द्यायची नाहीये, बाळ. तू जा."

"साक्ष नाही देत. मी तिकडे पंप धरून उभी होते. आधी तू एक जोक पण घातला होतास, डॅड. बकवास होता."

गॅरेटने माझ्यावरचा हात उचलला. तो माझ्या फळीवरच्या कंपासाच्या भोकांकडे बघत होता.

"शब्द न् शब्द आठवतोय मला," तो हळूच म्हणाला. "ऐकताना तिचा चेहरा कसा झाला, तेवढं काही केल्या आठवत नव्हतं." मग बाईंना म्हणाला, "नोव्हेंबर लिहा."

डेल्फिनाने विजयाने मान उंचावली नाही. तिने विनीचा हात धरला. "मेपासून? आणि एकटीनेच?" एवढंच तिने विचारलं, आणि विनीला त्या दिवशी बँडला जाता आलं नाही.

घर डेल्फिनाकडे राहिलं. पिकलेल्या हक्कांतला आणि ऑगस्टच्या घोसातला आपला वाटा तिने घराच्या बदल्यात सोडला. बाकीचे जे अजून मोहोरात होते, ते पिकतील तेव्हा त्यातला तिचा वाटा तिला मिळेल, नाही पिकले तर दोघांनीही हात झटकायचे, असं ठरलं. शेवटी बाईंनी माझ्यावर टकटक केली. आणि हे? डेल्फिनाने वाकून माझ्या पाठीवरचं आन्सेल्मोचं नाव दाखवलं. बाई म्हणाल्या, वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. याची वाटणी होत नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण होतो मात्र आडवाच.

गॅरेटने एका म्हाताऱ्याच्या परसातलं छोटं घर भाड्याने घेतलं. एक आठवडा विनी आईकडे, एक त्याच्याकडे. तिथे तिच्या वाट्याला एक कोनाडा आणि एक पडदा. पडदा ट्रॉम्बोन थोडाच अडवणार! म्हाताऱ्याने तक्रार केली. विनीने तिथे वाजवणंच सोडलं. मग तिथे बोलणंही कमी केलं. हे डेल्फिनाच्या ध्यानात आलं आणि एका शनिवारी तिने गॅरेटला फोन करून बोलावून घेतलं.

"आजोबांचं दार घेऊन जा," ती म्हणाली. "तुला नाही देत. विनीला देतेय."

एका टोकाला ती, एका टोकाला तो. जरा डावीकडे, अगं पायरी, अरे हळू. त्यांनी मला प्रथम आडवं टाकलं तेव्हाही असेच बोलले होते. तिकडे कोनाड्याला बसवलेल्या चौकटीसाठी मला थोडं रंधावं लागलं, नव्या बिजागऱ्या बसल्या, आणि मित्रांनो, मी उभा राहिलो! जग पुन्हा सरळ दिसलं. विनीने आत जाऊन मला ओढून घेतलं आणि ट्रॉम्बोन फुंकला. गंधकाचा धूर अडवणारा मी, सूर अडवायला मला कितीसा वेळ? बाहेर म्हाताऱ्याची मांजरसुद्धा जागी झाली नाही.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या दाराला अधूनमधून तेलाचं बोट लावा, आम्ही काही फार मागत नाही. आणि जे माणसाला सांगायचं ते माणसालाच सांगा, आमच्यापाशी ठेवून जाऊ नका. ऐकतो आम्ही सगळं, पण पोचवता काही येत नाही.

परवा संध्याकाळी गॅरेट स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत पुटपुटत होता. "विनी, मला तुझी माफी... विनी, त्या दिवशी तुला जे..." माझ्या फळ्या आखडल्या. पुन्हा तालीम! पण तो मध्येच थांबला, माझ्यापाशी आला आणि त्याने टकटक केली.

"माझ्याशी बोलतोयस की दाराशी?" आतून विनीने विचारलं.

"तुझ्याशी. काही पाठ केलेलं नाहीये."

आत ट्रॉम्बोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मी उघडलो.